पहिले पांच पौंड

रस्त्याच्या कडेस व्यवस्थित उभी असलेली मोटार, मागून आलेल्या दुसऱ्या गाडीची धडक, चेपलेली मागची बाजू आणि फुटलेले दिवे ! अशा प्रसंगीं दोष कोणाचा, हें ठरविण्यास पंडिताची गरज लागत नाहीं. मोटारीचा मालक आपल्या विमा कंपनीकडे जातो. कंपनी दुरुस्तीचा खर्च मान्य करते. परंतु त्यांतून एक ठराविक रक्कम वजा करून ती मालकानें स्वतःच्या पदरची घालावी असें सांगते. या रकमेस इंग्लंडांत ‘एक्सेस’ म्हणतात, अमेरिकेंत ‘डिडक्टिबल’ म्हणतात, आणि आपल्याकडील विमापत्रांत हे दोन्ही शब्द आढळतात. चूक दुसऱ्याची, हप्ते वेळच्या वेळीं भरलेले, आणि तरीहि पहिला भुर्दंड आपणासच कां, असा प्रश्न अशा वेळीं प्रत्येक गृहस्थाच्या मनांत उभा राहतो.

प्रश्न दिसावयास लहान आहे. पण त्याचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे अडीचशें वर्षांहून अधिक जुना इतिहास उलगडूं लागतो. त्या इतिहासांत समुद्रावरील व्यापारी आहेत, दंगलींत जळालेलें लंडन शहर आहे, मोटारींच्या धडका आहेत, आणि अवघ्या पांच पौंडांसाठीं वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेलेला एक खटलाहि आहे. या साऱ्यांतून तीन प्रश्न वेगळे काढतां येतात. पहिला : ही रक्कम विम्यांत आलीच कशी ? दुसरा : दोषी मनुष्याकडून भरपाई मागण्याचा हक्क मालकाचा कीं कंपनीचा ? आणि तिसरा : वसुली अपुरी झाली तर आधीं कोणाचा खिसा भरावयाचा ? या तीन प्रश्नांचीं उत्तरें तीन निरनिराळ्या काळीं दिलीं गेलीं, आणि एका उत्तराची गांठ दुसऱ्याशीं नीट न बसल्यामुळेंच सामान्य मोटारवाल्याच्या वाट्यास हा घोटाळा आलेला आहे.

आधीं पहिला प्रश्न घेऊं. सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडन येथें एडवर्ड लॉइड नांवाच्या गृहस्थाचें एक कॉफीगृह होतें. तेथें जहाजांचे मालक, व्यापारी आणि विमा उतरून घेणारे सावकार जमत. या बैठकींतूनच पुढें ‘लॉइड्स’ ही जगप्रसिद्ध संस्था उदयास आली. त्या काळच्या सागरी विम्यांत एक अडचण वारंवार येई. जहाज बुडालें तर हिशेब सोपा. पण माल बंदरांत पोहोंचला आणि त्यांतील थोडासाच भिजलेला निघाला, तर हें नुकसान वादळाचें कीं मालाच्या अंगच्या नाशवंतपणाचें, हें कोण सांगणार? धान्याला कोंब फुटतात, फळें कुजतात, मीठ पाझरतें. समुद्र शांत असला तरी हें घडावयाचेंच.

म्हणून १७४९ सालीं लंडनच्या विमापत्रांत एक टीप घालण्यांत आली. धान्य, मासे, मीठ, फळें, पीठ आणि बियाणें यांच्या अंशतः नुकसानीची भरपाई, जहाज जमिनीस लागल्याखेरीज किंवा नुकसान सर्वांनीं मिळून सोसावयाचें असल्याखेरीज, मिळणार नाहीं; साखर, तंबाखू, ताग, अळशीचा वाख, कातडीं यांचें नुकसान शेंकडा पांचांच्या आंत असेल तर मिळणार नाहीं; आणि बाकीचा माल, जहाज व भाडें यांच्या बाबतींत ही मर्यादा शेंकडा तीन राहील, असा तिचा आशय होता. १७७९ सालीं लॉइड्सनें विमापत्राचा जो नमुना कायम केला, त्यांत ही टीप तशीच राहिली, आणि तो नमुना पुढें दोनशें वर्षें चालला.

या टीपेची मांडणी आजच्या एक्सेसहून थोडी वेगळी होती. समजा, एक हजार पौंडांची साखर आहे. शेंकडा पांच म्हणजे पन्नास पौंड. नुकसान एकोणपन्नास पौंडांचें झालें तर व्यापाऱ्यास कांहींच मिळत नसे. पण तेंच साठ पौंडांचें झालें तर पुरे साठ पौंड मिळत. मर्यादा ओलांडली कीं सारी रक्कम देय होई. पुढें विमेवाल्यांच्या ध्यानांत आलें कीं, अशी रचना ठेवली म्हणजे एकोणपन्नासांचें नुकसान साठांचें करून दाखविण्याचा मोह उत्पन्न होतो. म्हणून दुसरी रीत प्रचारांत आली : नुकसान कितीहि असो, पहिली ठराविक रक्कम नेहमींच मालकाची. या रीतीनें साठ पौंडांच्या नुकसानींत विमेवाला दहाच पौंड देणार. हाच खरा एक्सेस.

या रचनेच्या मागें तीन कारणें होतीं. बारीकसारीक नुकसान ही दैवाची आपत्ति नसून नित्याची झीज असते, हें पहिलें. लहान दाव्याची चौकशी करण्यास दाव्याहून अधिक खर्च येतो, हें दुसरें. आणि स्वतःचे चार पैसे पणास लागले असले म्हणजे मनुष्य आपली वस्तु जपतो, हें तिसरें. तिन्ही कारणें व्यवहाराच्या दृष्टीनें सयुक्तिक आहेत. परंतु एक गोष्ट येथें लक्षांत ठेवण्याजोगी आहे. या तिहींपैकीं एकाहि कारणांत ‘चूक कोणाची’ हा प्रश्न विचारलेला नाहीं. समुद्राला कोणी दोष देत नसतो. वादळावर फिर्याद करतां येत नाहीं. एक्सेसचा जन्म अशा ठिकाणीं झाला, जेथें दोषी मनुष्य बहुधा नसेच. तीच रीत जेव्हां मोटारींच्या रस्त्यावर आणली गेली, तेव्हां तिला प्रथमच दोषी आणि निर्दोषी अशीं दोन माणसें समोरासमोर भेटलीं.

आतां दुसरा प्रश्न. नुकसान करणारा मनुष्य सांपडला, आणि विमा कंपनीनें भरपाई तर देऊन टाकली. मग त्या मनुष्याकडून पैसे मागावयाचे कोणीं? मालक म्हणूं लागला कीं, “विमा मी माझ्या पैशानें घेतला, मला कंपनीचेहि पैसे हवेत आणि दोषी माणसाचेहि,” तर त्यास दुप्पट लाभ होईल. उलट दोषी मनुष्य म्हणूं लागला कीं, “याचें नुकसान भरून निघालें आहे, आतां माझ्याकडे काय मागतां?” तर दुसऱ्याच्या हप्त्यांवर तो फुकट सुटेल. या दोन अन्यायांमधून वाट काढण्याचें काम इंग्लंडच्या न्यायाधीशांनीं केलें.

१७४८ सालीं लॉर्ड हार्डविक यांच्यापुढें एक प्रकरण आलें. स्पेनशीं चाललेल्या संघर्षांत इंग्रज व्यापाऱ्यांचा माल लुटला गेला होता. पुढें राजाज्ञेनें शत्रूचीं जहाजें पकडण्यांत आलीं आणि त्यांच्या विक्रीचें द्रव्य नुकसान सोसलेल्यांस वांटण्याचें ठरलें. व्यापाऱ्यांस भरपाई देऊन बसलेले विमेवाले पुढें आले आणि आपला वाटा मागूं लागले. हार्डविक यांनीं निर्णय दिला तो असा कीं, मूळ नुकसान मालकाचें खरें, पण त्याची भरपाई झाल्यावर तें नुकसान विमेवाल्याचें झालें. म्हणून वाटाहि त्याचाच.

त्यानंतर १७८० सालच्या जून महिन्यांत लंडनमध्यें ‘गॉर्डन दंगल’ म्हणून ओळखला जाणारा भयंकर दंगा झाला. अनेक घरें जाळण्यांत आलीं. त्या वेळचे मुख्य न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांचें ब्लूम्सबरी चौकांतील राहतें घर आणि त्यांतील बहुमोल ग्रंथसंग्रहहि दंगेखोरांनीं भस्मसात् केला. दंग्यांत पाडलेल्या घरांची भरपाई त्या विभागाच्या रहिवाशांनीं द्यावी, असा तेथें १७१४ सालचा कायदा होता. एका घरमालकास विमा कंपनीनें भरपाई दिली, आणि मग त्याच्याच नांवानें रहिवाशांवर दावा लावण्यांत आला. ‘याला पैसे मिळाले आहेत, आतां दावा कसला ?’ हा बचाव १७८२ सालीं याच मॅन्सफील्ड यांच्यापुढें मांडला गेला, आणि त्यांनीं तो फेंटाळला. भरपाई देणारा विमेवाला विमेदाराच्या जागीं उभा राहतो, आणि विमेदाराच्या नांवानें त्याचे सारे हक्क बजावतो, हें तत्त्व त्या निकालानें पक्कें झालें. इंग्रजींत यास ‘सब्रोगेशन’ म्हणतात. आपल्याकडे जामीनदारानें कर्ज फेडलें कीं सावकाराचा हक्क त्याच्याकडे येतो, त्यासारखाच हा प्रकार आहे.

या तत्त्वाची दुसरी बाजू १८८३ सालीं स्पष्ट झाली. एका मालकानें आपली इमारत ३,१०० पौंडांस विकण्याचा करार केला होता. व्यवहार पुरा होण्यापूर्वीं आग लागली. मालकानें विमा कंपनीकडून ३३० पौंड घेतले, आणि नंतर खरेदीदाराकडून ठरलेली पुरी किंमतहि घेतली. कंपनीनें आपले ३३० पौंड परत मागितले, आणि अपील न्यायालयानें ते देवविले. विमा म्हणजे नुकसानीची भरपाई. तिजहून कमी नव्हे आणि अधिकहि नव्हे, हें सूत्र त्या निकालांतून घट्ट झालें. या सूत्रांतील ‘कमी नव्हे’ हा भाग एक्सेस देणाऱ्या मालकानें विशेष ध्यानीं धरावा. कारण कंपनीनें जेवढें दिलें तेवढ्यापुरतीच ती त्याच्या जागीं उभी राहते. जें नुकसान त्यानें स्वतः सोसलें, त्याचा हक्क त्याच्याकडेच शिल्लक राहतो.

यानंतर रंगभूमीवर मोटार आली. १८९६ सालच्या कायद्यानें इंग्लंडांत मोटारींस ताशीं चौदा मैल वेगानें जाण्याची मोकळीक मिळाली. घोडे बुजले, माणसें चिरडलीं, आणि नुकसान करणाऱ्याच्या खिशांत कांहींच नसलें म्हणजे न्यायालयाचा हुकूमनामा कागदावरच राहूं लागला. अखेर १९३० सालचा रस्ता-वाहतूक कायदा झाला, आणि १ जानेवारी १९३१ पासून तेथें प्रत्येक मोटारवाल्यास तिऱ्हाइताचा विमा उतरविणें सक्तीचें ठरलें. मात्र ही सक्ति मनुष्याच्या मृत्यूपुरती आणि शरीरास होणाऱ्या इजेपुरतीच होती. दुसऱ्याच्या गाडीची वा भिंतीची नासधूस केली तर तिच्यासाठीं विमा असलाच पाहिजे, असा नियम ब्रिटनमध्यें १९८८ च्या अखेरीपर्यंत नव्हता. म्हणून ज्यास आपल्या मोटारीची काळजी असे, तो स्वखुशीनें सर्वसमावेशक विमा घेई. आणि अशा विमापत्रांत समुद्रावरची ती जुनी रीत ‘पहिले पांच पौंड मालकाचे’ अशा रूपानें अवतरली.

मोटारींची संख्या वाढली तसे धडकांचे दावेहि वाढले. प्रत्येक धडकेंत दोन मोटारी, दोन मालक, दोन कंपन्या आणि दोन वकील ! एकीनें आपल्या विमेदारास चाळीस पौंड द्यावे आणि ते दुसरीकडून वसूल करण्यासाठीं तीस पौंड वकिलास द्यावे. दुसऱ्या दिवशीं त्याच दोन कंपन्यांनीं उलट बाजूनें तेंच करावें. यांत लाभ वकिलांचा. तेव्हां कंपन्यांनीं आपसांत एक करार केला. इंग्रजींत त्यास ‘नॉक-फॉर-नॉक’ म्हणत. चूक कोणाचीहि असो, प्रत्येक कंपनीनें आपापल्या विमेदाराची गाडी दुरुस्त करून द्यावी आणि दुसरीकडे कांहीं मागूं नये, हा त्याचा अर्थ. वर्षाच्या शेवटीं देणें-घेणें सारखेंच भरतें, मग भांडा कशाला, असा हा व्यापारी हिशेब होता, आणि कंपन्यांच्या दृष्टीनें तो शहाणपणाचा होता.

परंतु या शहाणपणांत एका व्यक्तीचा विसर पडला होता. कंपन्यांचें वर्षाअखेर सारखें भरे, कारण त्यांच्याकडे हजारों धडका येत. ज्या गृहस्थाच्या वांट्यास आयुष्यांत एकच धडक येते, त्याचे पांच पौंड कोणत्या वर्षाअखेर भरून निघावे ? कंपनीनें दोषी पक्षाकडे मागणें सोडून दिलें म्हणजे एक्सेसची मागणीहि आपोआप वाऱ्यावर सुटे. इतकेंच नव्हे, तर कंपनीनें पैसे दिले आणि वसूल केले नाहींत, म्हणून दावा न केल्याबद्दल हप्त्यांत मिळणारी सूटहि धोक्यांत येई. निर्दोष मनुष्य दोन्हीकडून नाडला जाई.

अशा स्थितींत ‘मॉर्ले विरुद्ध मूर’ हा खटला उभा राहिला, आणि १९३६ सालीं अपील न्यायालयानें त्याचा निकाल दिला. वादीच्या मोटारीस प्रतिवादीच्या निष्काळजीपणानें धडक बसली होती. पहिले पांच पौंड वगळून बाकीचा खर्च वादीच्या कंपनीनें दिला होता, आणि दोन्ही कंपन्यांमध्यें नॉक-फॉर-नॉकचा करार होता. वादीनें पांच पौंडांचा नव्हे, तर साऱ्या नुकसानीचा दावा लावला. प्रश्न असा कीं, कंपन्यांनीं आपसांत मिटविलेली रक्कम त्यास मागतां येते काय ? न्यायालयाचें उत्तर निःसंदिग्ध होतें. कंपन्यांचा करार हा कंपन्यांचा करार. वादी त्यांत पक्षकार नाहीं आणि प्रतिवादीहि नाहीं. दोषी मनुष्याला दुसऱ्याच्या विम्याचा आडोसा घेतां येणार नाहीं. वादीस सारी रक्कम मागण्याचा हक्क आहे. तींतून स्वतःचे पांच पौंड त्यानें ठेवावे, आणि उरलेली रक्कम विश्वस्ताच्या नात्यानें कंपनीसाठीं सांभाळावी.

हा निकाल तत्त्वदृष्ट्या फार मोलाचा होता. एक्सेस सोसणें ही कंपनीशीं केलेली बोली आहे. दोषी मनुष्यास दिलेली माफी नव्हे, ही गोष्ट त्यानें प्रस्थापित केली. परंतु तत्त्व आणि व्यवहार यांत अंतर असतें. पांच पौंडांसाठीं दावा लावावयाचा तर वकिलास त्याहून अधिक द्यावे लागत. हक्क कायद्याच्या पुस्तकांत राहिला आणि पैसे दोषी पक्षाच्या खिशांत राहिले, असें अनेकदां होई.

या अडचणीचा पुढचा अंक चार दशकांनंतर घडला. इंग्लंडच्या काउंटी न्यायालयांत शंभर पौंडांच्या आंतील दाव्यांत जिंकणाऱ्यास वकिलाचा खर्च प्रतिपक्षाकडून मिळत नसे. लहान दावे सोप्या रीतीनें, वकिलावांचून चालावे, हा त्या नियमाचा हेतु. ‘हॉब्स विरुद्ध मार्लो’ या खटल्यांत वादीचें खरें न भरलेलें नुकसान म्हणजे दहा पौंडांचा एक्सेस आणि दुरुस्तीच्या काळांत भाड्यानें घेतलेल्या मोटारीचा खर्च; दोन्ही मिळून शंभरांच्या आंतच. पण मॉर्लेच्या निकालाचा आधार घेऊन त्यानें साऱ्या दुरुस्तीचा दावा मांडला, म्हणजे रक्कम शंभरांवर जावी आणि वकिलाचा खर्च मिळावा. प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलें आणि १९७८ च्या निकालसंग्रहांत तें छापलें गेलें. लॉर्डांनीं जुनें तत्त्व मोडलें नाहीं; पण खऱ्या अर्थानें पणास लागलेली रक्कम लहानच असतां ती खर्चासाठीं फुगविणें त्यांस मान्य झालें नाहीं, आणि वादीस तो खर्च नाकारला गेला. न्याय लहान असला तर तो स्वस्तांत मिळाला पाहिजे. पण तो महाग असल्यामुळें मोठा करून दाखवितां येणार नाहीं, असें या निकालाचें सार म्हणतां येईल. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ब्रिटनमधील कंपन्या नॉक-फॉर-नॉकच्या करारांतून बाहेर पडल्या, आणि दोषी पक्षाच्या कंपनीकडे मागणी करण्याची रीत पुन्हां रूढ झाली.

उरला तिसरा प्रश्न, आणि तोच सर्वांत नाजूक आहे. वसुली पुरी झाली तर तंटाच नाहीं : कंपनीचे कंपनीस, मालकाचे मालकास. पण ती अपुरी झाली तर ? दोषी मनुष्य निर्धन असतो, कधीं तडजोड होते, कधीं दोष दोन्हीकडे वांटला जातो. पूर्वीं इंग्लंडांत वादीचा यत्किंचित् दोष निघाला तरी त्याचा सारा दावा बुडत असे. १९४५ सालच्या कायद्यानें दोषाच्या प्रमाणांत भरपाई कमी करण्याची पद्धत आली, आणि त्याबरोबर अपुऱ्या वसुलीचे प्रसंगहि वाढले.

याचा निर्णय ‘लॉर्ड नेपियर विरुद्ध हंटर’ या खटल्यांत हाउस ऑफ लॉर्ड्सनें दिला, आणि तो १९९३ च्या निकालसंग्रहांत आहे. प्रकरण मोटारीचें नव्हतें. लॉइड्समधील सदस्यांच्या नुकसानीचें होतें. निकालांत घेतलेलें उदाहरण असें : नुकसान १,६०,००० पौंड, पहिले २५,००० विमेदाराचे, त्यावरचे १,००,००० विमेवाल्यानें दिले, आणि १,२५,००० च्या वरचे ३५,००० विम्याबाहेर. दोषी पक्षाकडून वसूल झाले १,३०,०००. वांटणी कशी करावी ? लॉर्डांनीं ठरविलें कीं, नुकसान ज्या क्रमानें अंगावर घेतलें, त्याच्या उलट क्रमानें वसुली वांटावी. म्हणजे प्रथम विम्याबाहेरचे ३५,००० विमेदारास. उरलेले ९५,००० विमेवाल्यास. आणि एक्सेसचे २५,००० देण्यास कांहीं उरतच नाहीं. कारण काय ? विमेदारानें करारांत असें कबूल केलेलें आहे कीं, पहिली झळ मी सोसीन. ज्यानें पहिला घाव घेण्याचें पत्करलें, त्याच्या जखमेवर मलम सर्वांच्या शेवटीं.

हा तर्क करारशास्त्राच्या दृष्टीनें बिनतोड असेल, पण त्याचा परिणाम घरगुती हिशेबांत पाहावा. समजा, मोटारीच्या दुरुस्तीस ५०,००० रुपये लागले. मालकानें २,००० दिले आणि कंपनीनें ४८,०००. दोषी पक्षाकडून ४०,००० च वसूल झाले. वरील नियमानें ते सारे कंपनीचे. मालकास कवडीहि नाहीं. उलट अमेरिकेंतील कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत असा नियम आहे कीं, कंपनीनें वसुलीची मागणी करतांना मालकाचा डिडक्टिबलहि तींत धरावा, आणि जें मिळेल तें दोघांनीं प्रमाणांत वांटून घ्यावें. त्या नियमानें मालकास १,६०० रुपये मिळाले असते. एकाच अपघाताचीं हीं दोन उत्तरें. पहिलें उत्तर करारास प्रमाण मानतें, दुसरें निर्दोषपणाची दखल घेतें. सोळाशें रुपयांचा हा फरक कंपनीच्या वहींत दिसणारहि नाहीं. पण मालकाच्या मनांत न्याय-अन्यायाची कल्पना त्याच फरकावर उभी असते.

आपल्या देशांतील मोटारविम्याचा कायदा इंग्रजी साच्यांतूनच घडलेला आहे. १९३९ सालच्या मोटार वाहन कायद्यांतील तिऱ्हाइताच्या सक्तीच्या विम्याचें प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलांत आलें. आरंभीं येथेंहि ही सक्ति मृत्यु आणि शारीरिक इजा यांपुरतीच होती. १९६९ सालच्या दुरुस्तीनें तिऱ्हाइताच्या मालमत्तेचें नुकसान तींत आलें, पण केवळ २,००० रुपयांपर्यंत. १९८८ च्या कायद्यानें ती मर्यादा ६,००० केली. १९८२ सालीं ‘दोष सिद्ध न करतां भरपाई’ हें नवें तत्त्वहि आलें. मृत्यूबद्दल १५,००० आणि कायमच्या अपंगत्वाबद्दल ७,५०० रुपये असे त्याचे आरंभींचे आंकडे होते. पण ही सवलत माणसांच्या देहापुरती होती; चेपलेल्या पत्र्यासाठीं दोष दाखवावाच लागतो. खासगी मोटारीवरील सक्तीचा एक्सेस आपल्याकडे सामान्यतः १,५०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनास १,००० रुपये आणि त्याहून मोठ्यास २,००० रुपये असा आढळतो. हप्ता कमी व्हावा म्हणून पुष्कळ लोक याहून मोठी रक्कम स्वखुशीनें पत्करतात. तेव्हां आपण काय लिहून देत आहों, याचा विचार क्वचितच होतो.

या इतिहासापासून निर्दोष मालकानें घ्यावयाचा बोध कोणता ? पहिला असा कीं, कंपनीनें एक्सेस कापला म्हणजे तिनें आपणास दोषी ठरविलें, असें मानूं नये. ती बोली दोषाकडे पाहतच नाहीं. दुसरा असा कीं, ती रक्कम दोषी वाहनाच्या मालकाकडून किंवा त्याच्या तिऱ्हाइताच्या विम्यांतून मागण्याचा हक्क शाबूत असतो, आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची वाट त्यासाठीं मोकळी आहे. म्हणून अपघाताच्या जागेचीं छायाचित्रें, समोरच्या वाहनाचा क्रमांक व विमापत्राचा तपशील, साक्षीदारांचीं नांवें, पोलिसांचा पंचनामा आणि दुरुस्तीची पावती हीं जपून ठेवावीं. कंपनी स्वतः वसुलीस जाणार असेल तर आपला एक्सेसहि मागणींत धरावा, असें तिला लेखी कळवावें. तिसरा बोध सावधगिरीचा. रस्त्यावरच हजार-दोन हजार रुपये घेऊन ‘आतां कांहीं मागणें उरलें नाहीं’ असें लिहून देणें फार महाग पडतें. १८९७ सालींच इंग्लंडच्या न्यायालयानें ठरविलें आहे कीं, विमेदारानें दोषी पक्षास परस्पर मुक्त केलें, तर कंपनीच्या बुडालेल्या हक्काबद्दल तो स्वतःच तिला जबाबदार होतो.

एक गोष्ट मात्र कायद्याच्या कोणत्याहि ग्रंथानें अद्याप सोडविलेली नाहीं. लहान नुकसानीचा न्याय मिळविण्यास लागणारे श्रम त्या नुकसानीहून मोठे असतात. दोन हजार रुपयांसाठीं तीन वेळां कचेरींत खेटे घालणारा गृहस्थ शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या चेष्टेचा विषय होतो, आणि न घालणारा मुकाट्यानें दुसऱ्याच्या चुकीचा दंड भरतो. १९३६ सालच्या त्या वादीनें पांच पौंडांसह सारी रक्कम मागितली, म्हणून कंपन्यांचा सोयीचा करार हा दोषी मनुष्याचा बचाव होऊं शकत नाहीं, हें सर्वांसाठीं ठरून गेलें. लहान रकमांचे हक्क कोणी मागितलेच नाहींत, तर ते कायद्यांत असूनहि नसल्यासारखेच होतात; आणि ते मागणाऱ्यास हंसण्यापूर्वीं, त्याच्या खटाटोपाचा लाभ उद्यां आपणासहि व्हावयाचा आहे, हें प्रत्येकानें ध्यानांत घेणें उचित होईल.